बेसबॉलचा संघ : निवड आणि घडण

क्रिकेटच्या संघाची निवड हा आपल्याकडे चव्हाट्यावरील वादाचा विषय असतो. कोणाला घेतले, कोणाला वगळले, याची चर्चा चहाच्या दुकानापासून वर्तमानपत्राच्या अग्रलेखापर्यंत चालते. या चर्चेत एक गोष्ट मात्र बहुधा गृहीत धरलेली असते. निवडण्याजोगे खेळाडू कोठेतरी तयार होऊन उभे आहेत आणि निवड समितीने त्यांतून अकरा नावे तेवढी काढावयाची आहेत, अशी ती समजूत. अमेरिकेतील बेसबॉलच्या व्यवसायात ही समजूत कधी चालली नाही. तेथे संघाला खेळाडू शोधावा लागतो, मिळवावा लागतो, वर्षानुवर्षे वाढवावा लागतो, आणि तो थकण्यापूर्वी त्याच्या जागी दुसरा उभा करावा लागतो. हे काम कसे करावे याविषयी गेल्या शंभर वर्षांत ज्या रीती निघाल्या आणि मोडल्या, त्यांचा इतिहास केवळ खेळाचा इतिहास नाही. माणसाच्या अंगच्या गुणाची पारख कशी करावी, आणि त्या गुणावर हक्क कोणाचा, हे दोन प्रश्न त्यात आरंभापासून एकमेकांत गुंतलेले आहेत.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा नातलग. प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू. चेंडू फेकणारा तो पिचर, यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसणारा तो कॅचर. आणि फलंदाजाने चार तळांना फेरी घालून मूळ जागी परत यावे की एक धाव झाली. परंतु या खेळाचा व्याप मोठा आहे. आज मुख्य संघात २६ खेळाडू असतात आणि सहा महिन्यांच्या हंगामात त्यांना १६२ सामने खेळावे लागतात. शाळा वा कॉलेज सोडून आलेला तरुण थेट या मुख्य संघात सहसा येत नाही. तो आधी खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, म्हणजे मायनर लीगमध्ये, दोन-चार वर्षे काढतो. म्हणूनच संघ उभारणाऱ्याला चालू हंगामावर दृष्टी ठेवून भागत नाही. आज सतरा वर्षांचा असलेला मुलगा बावीस-तेविसाव्या वर्षी कसा खेळेल, याचा अंदाज त्याला आजच बांधावा लागतो.

१८७६ साली नॅशनल लीगची स्थापना झाली आणि १८७९ साली तिच्या मालकांनी आपसांत एक ठराव केला. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावे आणि इतरांनी त्यांना बोलावू नये, असा तो ठराव होता. पुढे ही संख्या वाढत जाऊन सारा संघच राखीव झाला. करार एका वर्षाचा असे. पण वर्ष सरले तरी खेळाडूला दुसरीकडे जाण्याची मोकळीक नसे. मालकाने मात्र त्याला विकावे, बदलून द्यावे, वा वेतन कापून ठेवून घ्यावे. अशा स्थितीत संघ बळकट करण्याचा उघड मार्ग म्हणजे खरेदी. १९१९च्या अखेरीस बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने आपला बेब रूथ न्यूयॉर्कच्या यांकी संघाला एक लाख डॉलरला विकला. त्यापूर्वी यांकी संघाला लीगचे विजेतेपद एकदाही मिळालेले नव्हते. १९२१ ते १९२३ या तीन वर्षांत ते लागोपाठ तीनदा मिळाले, आणि १९२३ साली त्याने वर्ल्ड सीरीजही, म्हणजे दोन लीगांच्या विजेत्यांमधील अंतिम मालिकाही, जिंकली. १९१८ साली वर्ल्ड सीरीज जिंकणाऱ्या बॉस्टनला ती पुन्हा जिंकण्यासाठी २००४ सालाची वाट पाहावी लागली.

ज्याच्या तिजोरीत असा पैसा नाही त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर ब्रँच रिकी या गृहस्थाने शोधले. १८८१ साली ओहायो राज्यातील एका धर्मनिष्ठ शेतकरी कुटुंबात जन्मलेला रिकी स्वतः सामान्य कॅचर होता. १९०७ साली एकाच सामन्यात त्याच्या डोळ्यांदेखत प्रतिपक्षाने तेरा तळ चोरले, अशी त्याची ख्याती! पुढे त्याने कायद्याचा अभ्यास केला, आणि १९१७ साली तो सेंट लुइसच्या कार्डिनल्स संघात कारभारी म्हणून आला. संघ कर्जबाजारी होता. रिकीने एखादा होतकरू मुलगा हेरावा, त्याला शिकण्यासाठी एखाद्या खालच्या संघात ठेवावे, आणि मुलगा तयार झाला की त्या संघाने तो अधिक पैसे देणाऱ्याला विकून टाकावा, असा अनुभव त्याला पुन्हा पुन्हा आला. तेव्हा त्याने ठरविले की, खेळाडू विकत घेण्याऐवजी ते जेथे तयार होतात ते खालचे संघच विकत घ्यावे. ह्यूस्टन, सिराक्यूज अशा ठिकाणी त्याने भागीदारी मिळविली. या रचनेला अमेरिकेत शेतीचेच नाव पडले, आणि ते यथार्थ होते. वाफ्यात दाट पेरावे, उगवेल ते पाहावे, जोमदार रोप तेवढे शेतात लावावे आणि उरलेले विकावे, ही ती रीत. १९२६पर्यंत नॅशनल लीगचे एकही विजेतेपद न पाहिलेल्या सेंट लुइसने १९२६, १९३१, १९३४ आणि १९४२ या वर्षी वर्ल्ड सीरीज जिंकली.

दाट पेरण्यामागे रिकीचा एक खोल विचार होता. सतरा वर्षांच्या मुलाचे भविष्य कोणालाही निश्चित सांगता येत नाही, ही कबुली त्यात होती. पेनसिल्व्हेनियातील डोनोरा या कारखान्यांच्या गावचा, पोलंडहून आलेल्या कामगाराचा मुलगा स्टॅन म्युझियल हा सेंट लुइसने डावखुरा पिचर म्हणून घेतला होता. १९४० साली फ्लॉरिडातील डेटोना बीचच्या छोट्या संघात त्याने पिचर म्हणून अठरा सामने जिंकले. पण मधल्या दिवसांत तो दूरच्या क्षेत्रात खेळत असताना चेंडूवर झेप घेताना डाव्या खांद्यावर आपटला आणि त्याची चेंडू फेकण्याची शक्ती गेली. खालच्या संघात खेळायला जागा होती, वेळ होता, आणि फलंदाजी पाहणारी माणसे होती. म्युझियल फलंदाज झाला. १९४१च्या सप्टेंबरमध्ये तो मुख्य संघात आला आणि पुढे सात वेळा लीगमधील सर्वोत्तम सरासरीचा मानकरी ठरला. ज्या गुणासाठी त्याला निवडले तो गुण नाहीसा झाला होता. निवड तरीही सार्थ झाली.

परंतु याच शेतीची दुसरी बाजू तितकीच खरी होती. भर काळात सेंट लुइसच्या हाताखाली तीसहून अधिक संघ आणि शेकडो तरुण होते. ते तुटपुंज्या वेतनावर वाट पाहत, आणि वरची जागा रिकामी नसली तर दुसऱ्या कोणाकडे जाण्याची त्यांना मुभा नव्हती. १९३८ साली बेसबॉलचे कमिशनर न्यायमूर्ती केनेसॉ माउंटन लँडिस यांनी छुप्या व्यवहारांचा ठपका ठेवून सेंट लुइसच्या सत्तराहून अधिक खेळाडूंना बंधमुक्त केले. तोवर इतर संघांनीही रिकीचीच रीत उचलली होती, त्यामुळे त्याचा लाभ ओसरू लागला होता.

१९४२च्या अखेरीस रिकी ब्रुकलिनच्या डॉजर्स संघात गेला. तेथे त्याने ज्या भांडाराला हात घातला ते साऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते, तरी साठ वर्षे कोणी त्याला शिवले नव्हते. कृष्णवर्णीय खेळाडूंना दोन्ही मोठ्या लीगांत मज्जाव होता आणि ते आपल्या स्वतंत्र लीगांत खेळत. १९४५च्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर जॅकी रॉबिन्सनसह तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी झाली. बॉस्टनने एकालाही घेतले नाही. त्याच वर्षी रिकीने रॉबिन्सनला करारबद्ध केले. १९४६चा हंगाम माँट्रियलच्या कनिष्ठ संघात काढून १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. पाठोपाठ रॉय कँपानेला आणि डॉन न्यूकोंब आले. १९४७ ते १९५६ या दहा वर्षांत ब्रुकलिनने सहा वेळा लीग जिंकली आणि १९५५ साली वर्ल्ड सीरीज. बॉस्टनच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९५९ साली. १९४६ नंतर १९६७पर्यंत त्या संघाला लीगचे एकही विजेतेपद मिळाले नाही. अन्याय करणाऱ्याचे नुकसान होतेच असे नाही, पण येथे ते झाले, आणि धावफलकावर मांडले गेले. तथापि रिकीच्या या कृतीतही हिशेबाची एक काळी रेघ आहे. रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघातून आला, त्या संघाला ब्रुकलिनने एक पैसाही दिला नाही. उत्तम खेळाडू निघून जाऊ लागले तशा त्या स्वतंत्र लीग काही वर्षांतच खंगल्या.

रिकी पुढे पिट्सबर्गला गेला आणि साठेबाजीला आळा घालण्यासाठी केलेल्या नियमाचा लाभ मूळच्या साठेबाजालाच झाला! तेव्हाच्या नियमानुसार चार हजार डॉलरहून अधिक बोनस देऊन घेतलेला नवखा खेळाडू मुख्य संघात ठेवणे भाग असे. कनिष्ठ संघात पाठविल्यास वर्षअखेरीच्या निवडीत दुसरा संघ त्याला उचलू शके. ब्रुकलिनने दहा हजार डॉलर बोनस देऊन घेतलेला पोर्टो रिकोचा तरुण रॉबर्टो क्लेमेंटे १९५४ साली माँट्रियलला खेळत होता. सर्वांत तळाचा संघ म्हणून पहिली निवड पिट्सबर्गची होती, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी अवघ्या चार हजार डॉलरला त्याला उचलले. क्लेमेंटे अठरा हंगाम पिट्सबर्गलाच खेळला. १९६० आणि १९७१ या दोन्ही वर्ल्ड सीरीज त्या संघाने त्याच्यासह जिंकल्या.

नवख्यांवर उधळल्या जाणाऱ्या बोनसांना मात्र या नियमाने आळा बसला नाही. १९६४ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील रिक रायकार्ट या तरुणाला सुमारे दोन लाख डॉलर मिळाले, तेव्हा मालक हबकले आणि १९६५च्या जूनमध्ये ‘ड्राफ्ट’ सुरू झाला. देशातील होतकरू तरुणांची नावे संघांनी पाळीपाळीने पुकारावी, आदल्या वर्षी तळाशी राहिलेल्यांना आधी पाळी मिळावी, आणि ज्याचे नाव ज्या संघाने पुकारले त्याच्याशीच त्याने बोलणी करावी, अशी ही व्यवस्था. दुर्बळ संघाला बळ मिळावे हा तिचा सांगितलेला हेतू. तरुणाला दुसरा गिऱ्हाईक उरू नये, हा तिचा परिणाम.

या ड्राफ्टने पारख करणाऱ्यांची घमेंड लवकरच उतरविली. १९६६ साली पहिली पाळी न्यूयॉर्कच्या मेट्स संघाची होती. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट या शाळकरी कॅचरचे नाव पुकारले. दुसरी पाळी अॅथलेटिक्स संघाची होती. त्यांनी रेजी जॅक्सनला घेतले. चिलकॉटचा खांदा दुखावला आणि तो मुख्य संघापर्यंत कधी पोहोचला नाही; जॅक्सनने ५६३ होमरन मारले. उलट १९८८ साली माइक पियाझाचे नाव बासष्टाव्या फेरीत, १३९०व्या क्रमांकावर, केवळ ओळखीखातर पुकारले गेले. तो पुढे उत्कृष्ट फलंदाजी करणाऱ्या कॅचरांत गणला गेला. या उदाहरणांवरून निवड म्हणजे निव्वळ लॉटरी असे मात्र समजू नये. वरच्या क्रमांकाचे खेळाडू खालच्यांपेक्षा अधिक संख्येने यशस्वी होतात, हे खरेच आहे. पण कोणत्याही एका निवडीचा भरवसा नसतो. म्हणून शहाणा संघ एकाच नावावर सारे लावीत नाही.

जॅक्सनभोवती ड्राफ्टमधून उभारलेला अॅथलेटिक्स संघ ओकलंडला आला आणि १९७२, १९७३, १९७४ अशी तीन वर्षे त्याने लागोपाठ वर्ल्ड सीरीज जिंकली. हा संघ मोडला तो प्रतिपक्षाने नव्हे. १९६९ साली सेंट लुइसने आपला बारा वर्षांचा जुना खेळाडू कर्ट फ्लड याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. आपण विकत घेण्या-देण्याची मालमत्ता नाही, असे कमिशनरला कळवून फ्लडने जाण्यास नकार दिला आणि न्यायालयात धाव घेतली. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरुद्ध निर्णय दिला. फ्लडचा खेळ त्यात संपला. परंतु त्याने लावलेली धग विझली नाही. डिसेंबर १९७५मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅक्नॅली या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि शंभर वर्षांचे राखीव बंधन तुटले. १९७६च्या करारान्वये सहा वर्षे मुख्य संघात खेळलेला खेळाडू मोकळा होऊ लागला. ओकलंडचे खेळाडू एकेक करून निघून गेले; जॅक्सन यांकी संघात गेला. १९७७ साली यांकी विजेते झाले आणि ओकलंड आपल्या विभागात शेवटी राहिले.

येथून संघ उभारण्याचे गणितच बदलले. तरुण खेळाडूची पहिली सहा वर्षे स्वस्त, त्यानंतर तो बाजारभावाने. म्हणून गरीब संघाला सतत नवी रोपे लावीत राहणे प्राप्त झाले. २००२ साली ओकलंडने हे करून दाखविले. त्या वर्षी त्यांचा वेतनखर्च सुमारे चार कोटी डॉलर होता आणि यांकींचा त्याच्या तिप्पट. दोघांनीही प्रत्येकी १०३ सामने जिंकले. ओकलंडचे व्यवस्थापक बिली बीन हे स्वतः १९८० साली मेट्सनी पहिल्या फेरीत निवडलेले आणि खेळाडू म्हणून अयशस्वी ठरलेले. देखणी अंगकाठी आणि वेगवान धाव यांना भुलून केलेली निवड कशी फसते, हे त्यांनी आपल्याच उदाहरणावरून जाणले होते. वाईट चेंडू सोडून देऊन फुकटात पहिला तळ गाठणारा फलंदाज बाजारात स्वस्त मिळतो, हे त्यांनी आकडेवारीतून हेरले. त्यात नवे फारसे नव्हते. रिकीने १९४७ सालीच ॲलन रॉथ या आकडेतज्ज्ञाला पगारी नेमले होते, आणि १९५४ साली तळ गाठण्याच्या प्रमाणाचे महत्त्व लेख लिहून मांडले होते. आणि बीन यांच्या यशाविषयी जे सांगितले जाते त्यात एक गोष्ट बहुधा सुटते. त्या संघाचे बळ हडसन, मल्डर आणि झिटो या तीन तरुण पिचरांत होते, आणि तिघेही ओकलंडने स्वतः ड्राफ्टमध्ये निवडलेले होते. स्वस्त फलंदाज मिळविण्याची युक्ती मोलाची खरी. पण पीक मुळात आपल्याच वाफ्यातले होते. २००४ साली श्रीमंत बॉस्टनने हीच आकडेवारी हाती धरून वर्ल्ड सीरीज जिंकली, आणि युक्तीचे स्वस्तपण संपले.

ड्राफ्टच्या नियमाचा सर्वांत रोकडा अर्थ लावला तो ह्यूस्टनने. तळाशी राहणाऱ्याला पहिली पाळी मिळते, तर तळाशीच का राहू नये? २०११, २०१२ आणि २०१३ या वर्षी ह्यूस्टनने अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने गमावले. २०१२ साली त्यांनी पहिल्या पाळीला कार्लोस कोरेयाला नेमलेल्या रकमेपेक्षा कमी बोनसवर राजी केले आणि उरलेल्या पैशांतून लान्स मॅक्कलर्स हा महागडा पिचर एकेचाळिसाव्या क्रमांकावर मिळविला. हा डाव हुशारीचा होता. पण २०१३ साली पहिल्या पाळीला त्यांनी घेतलेला मार्क अॅपल हा पिचर त्यांच्या मुख्य संघात कधी आलाच नाही, आणि दुसऱ्या क्रमांकावर शिकागोने घेतलेल्या क्रिस ब्रायंटने २०१६ साली शिकागोला वर्ल्ड सीरीज मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. २०१७ साली ह्यूस्टन विजेते झाले तेव्हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो होसे आल्तुवे. पाच फूट सहा इंच उंचीचा हा व्हेनेझुएलाचा मुलगा हरण्याचे धोरण सुरू होण्यापूर्वीच, २००७ साली, अवघ्या १५,००० डॉलरला मिळालेला होता. उंची पाहून त्याला चाचणीतून आधी परत पाठविलेले होते. २०२०च्या जानेवारीत उघड झाले की २०१७ साली ह्यूस्टनचे खेळाडू कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिपक्षाच्या खुणा चोरत होते. शिक्षा म्हणून दंड झालाच, आणि पुढील दोन वर्षांच्या पहिल्या दोन-दोन निवडीही काढून घेण्यात आल्या. २०२३च्या ड्राफ्टपासून तळाच्या संघांचा क्रम सोडतीने लागू लागला, म्हणजे हेतुतः हरण्याचा मोबदला कमी झाला.

न पाहिलेल्या ठिकाणी पाहावे, या रिकीच्या सूत्राचे टोक एकदा भारतापर्यंतही येऊन पोहोचले. २००८ साली येथे घेतलेल्या एका स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेक करणाऱ्या उत्तर प्रदेशातील दोन तरुणांना क्लेमेंटेच्याच पिट्सबर्गने करारबद्ध केले. दोघेही कनिष्ठ संघांच्या पलीकडे गेले नाहीत. पण जी मुले हा खेळ खेळलेलीच नव्हती त्यांच्यापर्यंत तो शोध आला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

या साऱ्या इतिहासातून संघ उभारणाऱ्याला काय घेता येते? इतरांची नजर जेथे पूर्वग्रहाने वा आळसाने पोहोचत नाही तेथे शोधावे. बरीच रोपे लावावी आणि प्रत्येकाला वाढण्यास अवधी द्यावा. आणि आपली युक्ती चार वर्षांत सर्वांची होणार हे धरून चालावे. रिकीपासून बीनपर्यंत जे यशस्वी झाले ते याच वाटेने गेले. परंतु या हिशेबाला दुसरा पक्षही आहे. आजच्या ड्राफ्टच्या वीस फेऱ्यांत दरवर्षी सहाशेहून अधिक तरुणांची नावे पुकारली जातात, आणि त्यांतील बहुतेकांच्या नशिबी मुख्य संघाचे मैदान नसते. जी रीत या मुलांना केवळ साठा मानून चालली तिला कधी लँडिसने, कधी लवादाने अडविले. आणि जिने त्यांच्यातील न दिसलेला गुण ओळखला तिला म्युझियल, क्लेमेंटे आणि आल्तुवे मिळाले. ह्यूस्टनच्या वाट्याला न आलेला मार्क अॅपल २०१८ साली खेळ सोडून गेला होता. तो परत आला, आणि २०२२च्या जूनमध्ये, तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या संघाकडून त्याने मोठ्या लीगमध्ये पहिला चेंडू फेकला. नाव पुकारले गेल्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती.